सामूहिक वनहक्काचा दावा: जंगल, तलाव आणि देवस्थानांसह फाइल कशी उभी करावी

परत आलेल्या सामूहिक दाव्यांच्या फायली चाळल्या की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. फॉर्म व्यवस्थित भरलेला असतो, सह्या असतात, शिक्का असतो. पण फॉर्मच्या आधीची कामे झालेली नसतात. गणपूर्तीची, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीची, नोंद नसते, शेजारच्या गावाला विचारलेले नसते, नकाशा कार्यालयात बसून काढलेला असतो. आणि ज्या तलावावर निम्मे गाव जगते तो तलाव कागदावर कुठेच नसतो.

म्हणून या लेखात फॉर्म आठव्या टप्प्यावर येतो. क्रम मोडू नका. हे मार्गदर्शन महाराष्ट्रातील गावांसाठी आहे. कायदा म्हणजे अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६, त्याचे २००८ चे नियम आणि २०१२ ची सुधारणा. नियमांची २०१२ च्या सुधारणेसह असलेलीच प्रत हाताशी ठेवा. जुन्या पुस्तिका अजून फिरत असतात आणि त्यांतले गणपूर्तीचे व समितीचे आकडे बदललेले आहेत.

## सुरुवातीलाच स्पष्ट करून घ्यायच्या गोष्टी

दावे दोन आहेत, एक नाही. फॉर्म बी हा सामूहिक हक्कांचा: निस्तार (घरगुती गरजेपुरते लाकूड, चारा वगैरे घेण्याची वहिवाट), गौण वनोपज (मोहफूल, तेंदूपान असे लाकडाखेरीजचे उत्पन्न), मासे आणि पाण्यातील इतर उत्पन्न, चराई, पारंपरिक ज्ञान, इतर रूढीचे हक्क. फॉर्म सी हा सामूहिक वनसंपत्तीचा, म्हणजे गावाच्या पारंपरिक सीमेतील जंगलाचे संरक्षण आणि व्यवस्थापन करण्याच्या हक्काचा. फक्त सी भरला तर मासेमारीचा उल्लेख कुठेच येत नाही. फक्त बी भरला तर जंगल सांभाळण्याचा अधिकार मागितलाच जात नाही. दोन्ही भरा, एकाच वेळी भरा. मराठी छापील प्रतींत फॉर्मची अक्षरे कुठे अ-ब-क तर कुठे क-ख-ग अशी असतात, त्यामुळे अक्षरावर न जाता फॉर्मचे शीर्षक वाचून हातात घ्या.

पेसा आणि वनहक्क यांची गल्लत नको. पेसा हा आदिवासीबहुल म्हणून घोषित केलेल्या अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा. तो त्या क्षेत्रापुरता आहे आणि महाराष्ट्रात असे क्षेत्र १३ जिल्ह्यांत आहे. वनहक्क कायद्याला ही मर्यादा नाही. गोंदिया आणि भंडारा पेसात नाहीत, तरी तिथल्या गावांचा सामूहिक वनहक्क तितकाच लागू आहे. "तुमचे गाव पेसात नाही" हे दावा न घेण्याचे कारण होऊ शकत नाही.

संयुक्त वन व्यवस्थापन समिती म्हणजे वनहक्क समिती नव्हे. पहिली वनविभागाच्या योजनेतून येते, दुसरी दावे तपासण्यासाठी ग्रामसभा कायद्याने निवडते. अध्यक्ष तोच माणूस असला तरी ठराव, नोंदवही, शिक्का वेगळे ठेवा.

कामाचा हंगामही आधीच ठरवा. रोवणीत, मोहाच्या दिवसांत आणि तेंदू सुरू असताना निम्मे गाव सभेला जमत नाही. दिवाळीनंतर होळीपर्यंतचा काळ बरा: पाऊस थांबलेला, रान चालण्याजोगे आणि माणसे गावात.

## टप्पा १: ग्रामसभा कोणत्या गावाची, ते ठरवा

ग्रामपंचायतीत चार-पाच गावे-पाडे असतील तर दावा ग्रामपंचायतीचा होत नाही. ज्या गावाची किंवा पाड्याची स्वतःची वहिवाट, स्वतःचे जंगल आणि स्वतःचे पाणी आहे, त्याची ग्रामसभा दावा करते. अनुसूचित क्षेत्रात पाडा किंवा पाड्यांचा समूह हाही गाव ठरू शकतो आणि राज्याच्या २०१४ च्या पेसा नियमांत तशी घोषणा करून घेण्याची रीत दिली आहे. पाड्याला वेगळा दावा करायचा असेल तर ही घोषणा आधी मिळवा. मग मधल्या कार्यालयात "हा पाडा महसुली गाव नाही" असा शेरा येण्याचे कारण राहत नाही.

गावातील सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांची यादी करा. प्रत्येक नावापुढे अनुसूचित जमाती की इतर पारंपरिक वननिवासी (जमातीबाहेरचे, पण पिढ्यानपिढ्या जंगलावर अवलंबून असलेले), हे लिहा. फॉर्म सीला हीच यादी जोडायची असते. मिश्र वस्तीच्या गावांनी घाबरू नये, कारण मोजके अनुसूचित जमातीचे किंवा इतर पारंपरिक वननिवासी सदस्य असणेही दाव्यासाठी पुरेसे आहे, असे फॉर्ममध्येच छापलेले आहे.

तपासा: यादीत सुना आल्या आहेत का? कामासाठी बाहेर गेलेले, पण गावचेच असलेले? ही यादी पुढे गणपूर्ती मोजायला लागणार आहे.

## टप्पा २: वनहक्क समिती निवडा, जुनी असेल तर तपासा

समितीत १० ते १५ सदस्य. किमान दोन-तृतीयांश अनुसूचित जमातीचे, किमान एक-तृतीयांश महिला. १५ जणांच्या समितीत १० आणि ५ असा हिशेब होतो. गावात अनुसूचित जमातीचे कोणी नसेल तरी महिलांची एक-तृतीयांश अट कायम राहते.

अनेक गावांत २००८ साली केलेली समिती कागदावर तशीच असते. काही सदस्य वारले, काही गाव सोडून गेले, आणि त्या वेळी अनुसूचित जमातीच्या सदस्यांची अट एक-तृतीयांशच होती. अशी समिती दावा घेऊन गेली की पहिला आक्षेप तिच्यावरच येतो. नव्याने निवड करा आणि ठरावाची प्रत उपविभागीय स्तरीय समितीला (ग्रामसभेचे दावे पुढे जिच्याकडे जातात ती प्रांतांची समिती) पाठवून पोच घ्या.

या आणि पुढच्या प्रत्येक सभेसाठी गणपूर्तीचा नियम असा: एकूण सदस्यांपैकी निम्मे हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक-तृतीयांश महिला हव्यात. गावात २४० प्रौढ असतील तर १२० हजर, त्यांत ४० महिला. दाव्याचा ठराव करायच्या सभेत दावेदारांपैकी किंवा त्यांच्या प्रतिनिधींपैकी निम्मे हजर असावे लागतात.

सावधान: हजेरी घरोघरी फिरून नंतर गोळा करू नका. एकाच अक्षरातल्या सह्या आणि तारखेशी न जुळणारे अंगठे फाइलमध्ये लगेच उठून दिसतात. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब करून पुन्हा बोलवा आणि तेही इतिवृत्तात लिहा.

सभेची दवंडी दिल्याची नोंद आणि नोटिशीची प्रत फाइलमध्ये ठेवा. सभेचा फोटोही काढा, पण इतिवृत्ताला जोड म्हणून. इतिवृत्त नीट नसेल तर फोटो उपयोगाचा नाही.

याच सुमारास ग्रामसभेने दावे मागवण्याचा ठराव करावा. दावे देण्याची मुदत तीन महिन्यांची आहे, पण ती याच ठरावापासून मोजतात आणि ग्रामसभा लेखी कारण देऊन ती वाढवू शकते. "वनहक्काची मुदत कधीच संपली" असे कोणी सांगितले तर हा नियम दाखवा.

## टप्पा ३: सरकारी कागद ग्रामसभेच्या पत्राने मागवा

माहिती अधिकाराचा अर्ज करायची सवय लागली आहे, पण इथे त्याहून सोपा रस्ता आहे. ग्रामसभेने किंवा वनहक्क समितीने लेखी मागणी केली की संबंधित कार्यालयाने कागदाची प्रमाणित प्रत द्यायची आणि गरज पडल्यास अधिकाऱ्यामार्फत समजावूनही सांगायची, असे नियमच सांगतात. पत्र दोन प्रतींत न्या आणि दुसरीवर पोच घ्या.

काय मागायचे:

- तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयातून गावाचा नकाशा, जुने बंदोबस्ताचे (जमीनमोजणी व सारा आकारणीचे) कागद, तलाव व बोड्यांचे (लहान तळ्यांचे) गट नंबर.
- विदर्भात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. पहिल्यात लाकूड, चराई अशा निस्ताराच्या नोंदी असतात. दुसऱ्यात पाणी, वाट आणि मासेमारीच्या चालीरीती नोंदवलेल्या असतात. दावा मासेमारीचा असेल तर हा कागद शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. लोक निस्तार पत्रकापाशीच थांबतात.
- वनविभागाकडून कक्ष क्रमांकांसह (कक्ष म्हणजे वनविभागाने पाडलेला जंगलाचा भाग) नकाशा आणि कार्य आयोजनेतील, म्हणजे वनविभागाच्या जंगल व्यवस्थापनाच्या आराखड्यातील, आपल्या भागाची पाने. जुन्या आयोजनांत गावाचे हक्क, चराईची सवलत, गुरांच्या वाटा यांचे उल्लेख सापडतात.
- जिल्हा गॅझेटियर, जनगणनेतील गावाचे पान, आणि केली असेल तर लोक जैवविविधता नोंदवही.

कागद मिळाला नाही म्हणून काम थांबवू नका. पुराव्यांपैकी एकाहून अधिक प्रकार असावेत एवढीच अपेक्षा आहे, आणि अमुकच कागद आणा असा हट्ट कोणतीही समिती धरू शकत नाही. मागणीच्या पत्राची पोच मात्र जपा. "मागितला होता, दिला नाही" हे पुढे त्याच पोचेने सिद्ध होते.

## टप्पा ४: पाणी आणि देवस्थाने यांची वेगळी यादी

या टप्प्यावर घाई झाली की पुढे भरून निघत नाही. फॉर्म बीमध्ये मासे व पाण्यातील उत्पन्नासाठी एकच ओळ आहे. लोक तिथे "होय" किंवा "तलावातील मासे" लिहून मोकळे होतात. मग हक्कपत्रावरही तेवढेच येते, आणि कोणता तलाव, कोणता डोह, कोणाचा हक्क, हे वाद सुरू झाल्यावरच लक्षात येते.

स्वतंत्र कागदावर तक्ता करा: जागेचे गावातले नाव, प्रकार (तलाव, बोडी, नाला, नदीतला डोह), गट नंबर किंवा कक्ष क्रमांक, कोण वापरते, कोणत्या महिन्यांत, कशाने, काय काढते. मासेच नव्हे, झिंगे, खेकडे, शिंगाडा, कमळकांदे हेही पाण्यातले उत्पन्न आहे. मरळ, मागूर अशी नावेच लिहा. नदीचे डोह पावसाळ्यानंतर वेगळे आणि उन्हाळ्यात वेगळे असतात. निदान दोन हंगामांत जाऊन नोंद करा, नाहीतर चैत्रात ज्या डोहावर सगळे अवलंबून असतात तो कार्तिकातल्या नकाशात दिसतच नाही.

त्यानंतर प्रत्येक जागेपुढे एक प्रश्न: ही जमीन वनजमीन आहे का? वनहक्क कायदा वनजमिनीवरच चालतो. राखीव, संरक्षित, अवर्गीकृत, अभयारण्यातली, नोंदीने किंवा मानीव वन असलेली, अशी सर्व जमीन त्यात येते. पण पूर्व विदर्भातले बरेच मालगुजारी तलाव (जुन्या मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, काळातले) महसुली जमिनीवर आहेत. तो तलाव या दाव्यात घुसवला तर फाइल अडकेल. अनुसूचित क्षेत्रात अशा तलावासाठी पेसाखाली लहान जलाशयांच्या व्यवस्थापनाचा मार्ग आहे, आणि इतरत्र मच्छीमार सहकारी संस्था व तलावाच्या ठेक्याचा. तलाव महसुली आणि त्याचे पाणलोट जंगलात, असेही असते. तेव्हा जंगलातला भाग, येवा (पाणी तलावात येण्याचा मार्ग), नाले आणि तलावाकडे जाणारी वाट दाव्यात घ्या आणि तलावाचा पाठपुरावा वेगळ्या कागदावर करा.

मासेमारी काही घरांची असेल तर ते लिहा. दावा ग्रामसभेचा असतो, पण तलावावर जाळे टाकणारी घरे अनेक गावांत ठरावीक असतात: ढीवर, भोई, केवट, कुठे गोंड. "गावाचा सामूहिक हक्क" एवढेच मोघम लिहिले की पिढ्यानपिढ्या मासे धरणाऱ्या घरांचा हक्क गावातल्या बलवानांच्या हाती जायला वेळ लागत नाही. ठरावात चाल जशी आहे तशी उतरवा: कोणती घरे रोज मासे धरतात, गावजेवणाची मासेमारी कधी होते, बायका काठाने झिंगे कधी वेचतात, विक्रीत कोणाचा वाटा. मासे धरणारा समाज अनुसूचित जमातीत नसेल तर तो इतर पारंपरिक वननिवासी म्हणून येतो. त्यासाठी १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, इथल्या वास्तव्याचा आणि जंगलावरील अवलंबनाचा पुरावा लागतो. हा पुरावा वास्तव्याचा आहे, एखादा जमिनीचा तुकडा ७५ वर्षे कसल्याचा नव्हे. ही गल्लत कार्यालयांतही होते.

हंगामाने येणारे मेंढपाळ किंवा दुसऱ्या गावचे मासेमार यांची नोंदही इथेच करा. त्यांचा हंगामी हक्क कायद्याने मान्य आहे आणि त्यांना वगळून केलेला दावा पुढे तक्रारीत सापडतो.

देवस्थानांसाठी असाच तक्ता: देवराई, पेनठाणा (गोंडांच्या देवाचे ठिकाण), वाघोबाची जागा, मसणवटी, पूजेसाठी पाणी नेण्याचे ठिकाण, जत्रेची वाट. ओडिशातील नियमगिरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये डोंगरिया कोंध गावांच्या धार्मिक-सांस्कृतिक हक्कांचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितले होते. पुढे खाण आली किंवा रस्ता आला तर या तक्त्याचा आधार मिळेल, म्हणून तो आजच ग्रामसभेच्या ठरावाला जोडा.

सावधान: ही फाइल कार्यालयांत फिरते, तिच्या प्रती निघतात. जी जागा बाहेरच्यांना दाखवायची नाही असे गावचा पुजारी (गायता, भुमका किंवा भगत) म्हणतो, तिचा नेमका बिंदू नकाशावर टाकू नका, परिसर दाखवा. वैदूंच्या औषधी वनस्पतींचे क्षेत्र लिहा, पण कोणत्या रोगावर काय आणि कसे, ते लिहू नका. हक्क मागायला कृती सांगावी लागत नाही.

## टप्पा ५: शिवारफेरी आणि नकाशा

आधी गावात जमिनीवर नकाशा काढा, राखेने किंवा रांगोळीने. म्हातारी माणसे नावे सांगतील, तरुणांनी कागदावर उतरवावीत. सीमेवरच्या खुणा नावानिशी घ्या: अमुक टेकडी, तमुक नाल्याचा संगम, मोठा बेहडा, जुनी गुरांची वाट.

नंतर सीमा पायी चाला. मोबाइलवरच्या जीपीएसने प्रत्येक खुणेची नोंद करा, खुणेपाशी उभ्या माणसांसह फोटो घ्या. सीमा पारंपरिक असते, ती कक्ष क्रमांकाच्या रेषेवरून जाईलच असे नाही. अर्धाच कक्ष आपल्या वहिवाटीत असेल तर अर्धाच दाखवा. क्षेत्र मोठे दिसावे म्हणून रेषा फुगवणे हे शेजारच्या गावाशी भांडणाचे आमंत्रण आहे. फॉर्म सीमध्ये कक्ष क्रमांक "असल्यास व माहीत असल्यास" लिहायचा असतो, त्यामुळे त्यावाचून दावा अडू नये.

शेजारची गावे याच टप्प्यावर बोलवा. फेरीच्या आधी प्रत्येक लगतच्या गावाच्या वनहक्क समितीला तारीख कळवा आणि त्यांच्या शिवेवर त्यांची माणसे सोबत घ्या. जिथे दोन गावे एकच जंगल किंवा एकच डोह वापरतात तिथे सीमारेषा ओढण्याचा हट्ट करू नका. "सामाईक वापर" असे लिहून दोन्ही समित्यांची संयुक्त बैठक घ्या, निष्कर्ष लेखी करा, दोन्हीकडच्या सह्या घ्या. नियमांत हीच रीत आहे. जमले नाही तरच प्रश्न उपविभागीय समितीकडे जातो. तिथे गेलेला सीमेचा वाद कित्येक महिने तसाच पडून राहू शकतो, तेव्हा एका नाल्यासाठी सगळा दावा अडकवायचा का, हे गावाने ठरवावे.

तपासा: नकाशावरची नावे आणि टप्पा ४ च्या तक्त्यातली नावे एकच आहेत का? एकीकडे "बामणी बोडी" आणि दुसरीकडे "गट नं. अमुकचा तलाव" असे झाले तर वाचणाऱ्याला त्या दोन जागा वाटतात.

## टप्पा ६: वडीलधाऱ्यांचे जबाब

जबाब दावेदाराचा स्वतःचा नको, दुसऱ्या वडीलधाऱ्या व्यक्तीचा हवा. लेखी हवा. पाच जणांचे जबाब एकाच मजकुराचे, फक्त नाव बदललेले, असे नसावेत. असे जबाब नसलेले बरे. आजोबा कोणत्या डोहावर जात, कोणत्या सालच्या दुष्काळात कुठले कंद खाल्ले, मालगुजाराच्या वेळी मासे धरायला काय द्यावे लागे, असे जबाब घ्या. बायकांचे जबाब वेगळे घ्या. मोहफूल, कंद, सरपण, काठाची मासेमारी यांची माहिती त्यांच्याकडेच जास्त असते, आणि पुरुषांसमोर बसवले की त्या "सगळे यांनी सांगितलेच आहे" म्हणून गप्प बसतात.

## टप्पा ७: प्रत्यक्ष पडताळणी

गाव स्वतः फिरले ती शिवारफेरी. ही कायद्याची पडताळणी. दोन्ही वेगळ्या आहेत आणि दुसरी केल्याशिवाय दावा पुढे जात नाही.

समितीने वनविभाग आणि महसूल विभागाला तारीख, वेळ, ठिकाण लेखी कळवायचे. हजर अधिकाऱ्याने पडताळणीच्या कागदावर सही, हुद्दा, तारीख आणि आपले म्हणणे लिहायचे असते. वनरक्षक आला, चहा घेतला आणि सही न करता गेला, तर पंचनाम्यात तसेच लिहा.

कोणीच आले नाही तर? पडताळणी करा, गैरहजेरी नोंदवा. पुढे वनविभागाने "आमचा प्रतिनिधी नव्हता" म्हणून आक्षेप घेतला तर दावा पुन्हा पडताळणीसाठी ग्रामसभेकडे येतो, आणि दुसऱ्या वेळीही ते आले नाहीत तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम. दोन्ही वेळच्या पत्रांच्या पोचा याचसाठी लागतात.

समितीतल्या सदस्याचा स्वतःचा दावा असेल तर त्याने ते आधी सांगावे आणि त्या पडताळणीतून बाजूला व्हावे.

## टप्पा ८: आता फॉर्म, मग ठराव

इथवर आलात तर फॉर्म एका बैठकीत भरून होतो. प्रत्येक रकान्यात थोडक्यात लिहा आणि "सोबतचे परिशिष्ट पाहा" म्हणून तक्त्याकडे बोट दाखवा. मासेमारीच्या ओळीत जलस्रोतांची संख्या आणि परिशिष्टाचा क्रमांक लिहा. देवस्थाने "इतर पारंपरिक हक्क" या रकान्यात. शिकार मात्र कुठेही लिहू नका, ती कायद्याने वगळली आहे.

मग समिती आपला निष्कर्ष ग्रामसभेपुढे ठेवते. सभेत दावा वाचून दाखवा, नकाशा भिंतीवर लावा, आक्षेप विचारा. आलेला आक्षेप आणि त्यावरचे उत्तर इतिवृत्तात घ्या. एकही आक्षेप नसलेले इतिवृत्त तपासणाऱ्याला उलट संशयास्पद वाटते. ठराव साध्या बहुमताने होतो. दावेदार म्हणून ग्रामसभेचेच नाव हवे, ग्रामपंचायतीचे नाही आणि सरपंचाचे तर नाहीच.

## टप्पा ९: फाइल दाखल करा आणि पाठपुरावा करा

तीन संच करा: एक उपविभागीय समितीला (अध्यक्ष उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत), एक ग्रामसभेच्या पेटीत, एक गावाबाहेरच्या विश्वासू ठिकाणी. पानांना क्रमांक घाला, वर अनुक्रमणिका लावा. पाने गहाळ झाल्याचे नंतर सिद्ध करायचा हाच एक मार्ग.

फाइल अपुरी वाटली तर समितीने ती फेटाळायची नसते किंवा परस्पर क्षेत्र कमी करायचे नसते. ती फेरविचारासाठी ग्रामसभेकडे पाठवायची असते. दावा फेटाळला किंवा बदलला तर सकारण लेखी आदेश द्यावा लागतो आणि तो दावेदाराला प्रत्यक्ष कळवावा लागतो. "उपग्रह चित्रात दिसत नाही" हे एकटे कारण चालत नाही. उपग्रह चित्र इतर पुराव्याला पूरक आहे, त्याची जागा घेत नाही. मासेमारी आणि देवपूजा आकाशातून दिसणार तरी कशी!

नाराज असाल तर ६० दिवसांत वरच्या समितीकडे अर्ज करा: उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समितीकडे. महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रात २०२० च्या राज्यपालांच्या अधिसूचनेनंतर जिल्हा समितीच्या नकाराविरुद्ध विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अपील करता येते. कायद्यात ६० दिवस निर्णयाच्या तारखेपासून धरले आहेत, म्हणून आदेशावरची तारीख पाहा आणि तो हातात पडल्याची तारीखही लिफाफ्यासकट जपा.

## टप्पा १०: हक्कपत्र हातात आल्यावर, मिरवणुकीआधी

हक्कपत्र घेताना फोटो काढण्याआधी ते वाचा.

- नाव ग्रामसभेचे आहे का?
- क्षेत्र, चतुःसीमा आणि कक्ष क्रमांक दाव्याशी जुळतात का? कमी केले असेल तर कारणाचा आदेश कुठे आहे?
- दोन्ही दावे केले होते, तर दोन्ही हक्कपत्रे मिळाली का? सामूहिक हक्कांचे आणि सामूहिक वनसंपत्तीचे हक्कपत्र वेगवेगळ्या नमुन्यात असते.
- मासेमारीचा उल्लेख जलस्रोतांच्या नावांसह आहे का?
- खाली बारीक अक्षरात अटी घातल्या आहेत का? "वनविभागाच्या कार्य आयोजनेच्या अधीन राहून" अशी अट कायद्यात नाही. ती काढण्यासाठी लगेच लेखी हरकत घ्या.

हक्कांची नोंद महसूल आणि वन दोन्ही अभिलेखांत, अंतिम नकाशासह, जास्तीत जास्त तीन महिन्यांत व्हायला हवी. ती आपोआप होते असे समजू नका. तलाठ्याकडे आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे पत्र द्या.

त्यानंतर ग्रामसभेने संरक्षण व व्यवस्थापनाची समिती नेमावी. व्यवस्थापन आराखडा, वाहतूक परवाने आणि उत्पन्नाचा विनियोग तिच्याकडे येतो, पण निर्णयाला मान्यता ग्रामसभेची लागते. आराखड्यात मासेमारीचे नियम पहिल्याच वर्षी लिहा: पावसाळ्यात मासे अंडी घालतात तेव्हा किती दिवस बंदी, जाळ्याचा डोळा केवढा, विष, सुरुंग आणि विजेने मासे मारल्यास दंड किती, कोणता डोह राखीव सोडायचा. नियम बायकांच्या बैठकीत आधी वाचा. डोळ्याच्या मापावरून जाळेवाल्यांचे आणि काठाने वेचणाऱ्यांचे पटत नाही, तो वाद आराखड्याआधीच मिटलेला बरा.

दाव्यातल्या तलावाचा ठेका आधीच बाहेरच्या संस्थेला दिलेला असेल तर जाळी ओढायला जाऊ नका. हक्कपत्राची प्रत जोडून ठेका देणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवा, ठेक्याची शेवटची तारीख विचारा आणि नवा ठेका ग्रामसभेला विचारल्याशिवाय होऊ नये असा ठराव पाठवा. ठेकेदार संस्थेत गावातलेच मासेमार असतील तर आधी त्यांच्याशी बसा. उरलेल्या मुदतीत मासे कोण काढणार, मत्स्यबीजाचा खर्च कोणाचा आणि मुदत संपल्यावर संस्थेचे ग्रामसभेशी नाते काय, हे तीन मुद्दे लेखी झाले की मगच तलावावर नवा फलक लावा.